सेवेसाठी परदेशी जाणारी आपली मुले
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला दोन गोड शब्द बोलावेत आणि अल्पोपाहाराच्या आड येऊ नये, असा आपल्याकडे रिवाज आहे. पण चिटणीसबाईंनी आज मला दिलेला विषय निव्वळ गोड बोलून संपण्यासारखा नाही. आपल्या वसाहतीतील दोन मुली आणि एक मुलगा यंदा महाविद्यालयाच्या तुकडीबरोबर नेपाळला जावयाचे म्हणत आहेत. पंधरा दिवसांचा कार्यक्रम आहे. त्यात डोंगर चढणे आहे, वनसंवर्धनाचे थोडे काम आहे आणि एका खेड्यात राहून सेवा करणे आहे. खर्चाचा काही भाग मंडळाच्या शिक्षणनिधीतून मिळावा असा त्यांचा अर्ज आला आहे. दोन वर्षांपूर्वी मी अशाच एका तुकडीबरोबर शिक्षिका म्हणून अन्नपूर्णेच्या परिसरात गेले होते. तेव्हा "बाई, पाठवावे की नाही ते तुम्हीच सांगा," असे म्हणून हा प्रश्न माझ्या पदरात टाकण्यात आला.

माझे उत्तर आधीच सांगते. पाठवावे, पण भाजी घेतानासुद्धा आपण जशी चार ठिकाणी विचारतो आणि देठ मोडून पाहतो, तसे पारखून पाठवावे. ते का, हे थोडे विस्ताराने सांगते.

पोखरा शहराच्या उत्तरेला अन्नपूर्णा संरक्षित क्षेत्र आहे. त्याचा विस्तार ७,६२९ चौरस किलोमीटर असून नेपाळमधील ते सर्वांत मोठे संरक्षित क्षेत्र आहे. १९८६ साली घांद्रुक या गुरुंग लोकांच्या गावापासून या कामाला सुरुवात झाली. जंगल राखावयाचे म्हणजे आधी माणसे उठवावयाची, अशी त्या काळी पुष्कळ ठिकाणी रीत होती. येथे तसे केले नाही. सुमारे लाखभर माणसे तेथे पूर्वीसारखीच शेती करतात, गुरे राखतात आणि आल्यागेल्याला उतरावयास जागा देतात. प्रवाशांकडून प्रवेशशुल्क घेतात, ते त्याच परिसराच्या रक्षणावर आणि गावांच्या सोयींवर खर्च होते.

याची गरज का पडली, ते आपल्याला चटकन समजेल, कारण मूळ दुखणे चुलीचे होते. परदेशी पाहुणे हजारोंनी येऊ लागले. प्रत्येकाला अंघोळीला गरम पाणी हवे, प्रत्येकाचे जेवण निराळे आणि जेवणाची वेळही निराळी. दिवसभर चुली धडधडत राहिल्या आणि डोंगरावरचे गुरांसचे, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचे, जंगल चुलीत जाऊ लागले. पाहुणा चार दिवसांनी निघून जाई. लाकडासाठी रोज थोडे अधिक दूर जाणे मात्र गावच्या बाईच्या नशिबी येई. यावर जे उपाय निघाले ते कोणत्याही सुगृहिणीला सुचतील असेच होते. छोमरोंगच्या वरच्या वाटेवर लाकूड जाळण्यास बंदी झाली आणि रॉकेलची सोय करण्यात आली. चुलीच्या मागून नळी नेऊन स्वयंपाकाच्याच जाळावर पाणी तापू लागले. आपला बंब आठवावा. त्याशिवाय उतारशाळा चालविणाऱ्यांनी एकत्र बसून जेवणाचे पदार्थ आणि दर ठरवून घेतले. पाहुण्याने आठ वाजता भात आणि नऊ वाजता पोळी मागावयाची, हे बंद झाले.

आता जे सांगणार आहे ते ऐकून आपल्याला आपलेच मंडळ आठवेल. त्या गावांत 'आमा समूह' असतात. आमा म्हणजे आई. गुरुंगांची मुले पिढ्यान्‌पिढ्या पलटणीत जातात. शिपाई सुट्टीवर किंवा निवृत्त होऊन घरी आला की गावातील बायका जमून त्याला हार घालीत, नाचगाण्यांनी त्याचे स्वागत करीत आणि तो आनंदाने त्यांच्या हातावर काही रक्कम ठेवी. ही रक्कम त्यांनी वाटून घेतली नाही. तिच्यातून पायवाटेला दगडी पायऱ्या बसविल्या, पाण्याचे नळ आणले. पुढे संवर्धनाचे काम सुरू झाले तेव्हा याच समूहांनी रोपवाटिका चालविल्या, वाटा झाडून स्वच्छ केल्या आणि कित्येक गावांत दारू आणि जुगार यांना आळा घातला. मनांगच्या बाजूला ओझोन वायूने शुद्ध केलेले पाणी प्रवाशांना विकण्याची केंद्रे निघाली, तीही काही ठिकाणी बायकांच्या हाती आहेत. प्लॅस्टिकच्या बाटल्यांचा कचरा कमी होतो आणि समूहाला चार पैसे मिळतात. हळदीकुंकवातून आणि भिशीतून आपल्या मंडळाची पहिली शिलाईयंत्रे आली, हे ज्या वडीलधाऱ्या भगिनींना आठवत असेल, त्यांना या आमा परक्या वाटणार नाहीत.

अन्नपूर्णेच्या बाहेरही नेपाळने हीच वाट धरली. १९९३ च्या वनकायद्याने गावच्या समित्यांना जंगल सांभाळण्याचा आणि त्याचे उत्पन्न घेण्याचा हक्क दिला. आज असे वीस हजारांहून अधिक गट आहेत. उपग्रहांच्या चित्रांवरून संशोधकांनी काढलेला हिशेब असा आहे की १९९२ साली देशाच्या सुमारे २६ टक्के भूमीवर जंगल होते, ते २०१६ पर्यंत ४५ टक्क्यांच्या घरात गेले. जंगल परत येते, हे आपल्या मुलांनी डोळ्यांनी पाहून यावे. पुस्तकांत ती केवळ नाशाची प्रकरणे वाचतात आणि पुष्कळदा हताश होतात.

मग आमच्या मुलांनी तेथे काय केले? चौदा जण होते. त्यांनी रोपवाटिकेत मातीच्या पिशव्या भरल्या, पावसाने ढासळलेल्या वाटेचा बांध रचावयास दगड वाहिले आणि उतरताना वाटेवरचा कचरा पाठीवर घेऊन आले. तीन दिवसांच्या श्रमानंतर बांध उभा राहिला तेव्हा त्यांना धन्यता वाटली. समूहाच्या एक वयस्क आमा शेजारी उभ्या होत्या. त्या मला हसत म्हणाल्या, "गुरुआमा, आमचे दोन गवंडी हे काम एका दिवसात करतात. पण तुमची मुले नाम्लो कपाळाला लावून दगड उचलतात, हे पाहावयास गाव जमले." नाम्लो म्हणजे कपाळावरून ओझे पेलण्याचा पट्टा. त्यांच्या बोलण्यात उपहास नव्हता, हिशेब मात्र चोख होता. तो आपणही ध्यानात ठेवावा. पंधरा दिवसांत आपली मुले कोणाचा उद्धार करीत नाहीत. ती मुख्यतः शिकावयास जातात, आणि शिकण्याची फी म्हणून थोडे श्रम करतात. शाळेतही त्यांनी इंग्रजीचे दोन तास घेतले. परंतु तेथील शिक्षिका वर्षभर जे शिकवतात त्याला ते पर्याय नव्हेत. म्हणून गावाने मागितलेले काम गावाच्या माणसाच्या हाताखाली करावे आणि त्यासाठी कोणाची मजुरी बुडू नये, एवढे पथ्य पाळले तर ही सेवा निर्दोष राहते.

जेथे ती निर्दोष राहत नाही, त्याविषयी आता बोलणे भाग आहे. सेवेसाठी येणाऱ्या तरुणांना पुष्कळ संयोजक अनाथ मुलांच्या आश्रमात नेतात. आपले मातृहृदय लगेच द्रवते. परंतु युनिसेफने नेपाळमध्ये पाहणी केलेल्या अशा आश्रमांतील दहांपैकी आठांहून अधिक मुलांचे आई किंवा वडील यांपैकी कोणीतरी हयात असल्याचे आढळले. दूरच्या डोंगरी गावांत दलाल जातात, "मुलाला शहरात शिकवतो" असे सांगतात, आईबापांकडून पैसेही घेतात आणि मूल आणून आश्रमात ठेवतात. हे आश्रम बहुतांशी काठमांडूचे खोरे, पोखरा, चितवन अशा प्रवासी येणाऱ्या भागांतच आहेत. पाहुणा येतो, मुलांशी खेळतो, त्याला रडू येते आणि देणगी देऊन तो जातो. मूल जितके केविलवाणे दिसेल तितकी देणगी मोठी! शिवाय दर पंधरवड्याला नवी ताई येते, लळा लावते आणि निघून जाते. असा लळा तुटत राहिला तर त्या लेकराचे काय होत असेल, हे आयांना सांगावयास नको. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे दगावली, तेव्हा या व्यापाराला ऊत येईल हे ओळखून नेपाळ सरकारने मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर निर्बंध घातले होते. सगळेच आश्रम असे नाहीत. पण चार दिवसांच्या पाहुण्याला खरे-खोटे ओळखता येत नाही. तेव्हा ज्या कार्यक्रमात आश्रमभेट आहे त्याला मंडळाने एक पैसाही देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चिंता डोंगराची. कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मीटरवर आहे. तेथे हवा विरळ असते आणि शरीराला तिची सवय होण्यास वेळ लागतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा फार वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. डोके दुखणे, अन्न नकोसे होणे, मळमळणे ही पहिली लक्षणे. तेवढ्यावर थांबावे. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर रात्र असो की पहाट, लगेच खाली उतरावे. यासारखे दुसरे औषध नाही.

आमच्या तुकडीतील एका मुलीचे डोके माच्छापुच्छ्रे बेस कॅम्पला, ३,७०० मीटरवर, दुखू लागले. आपल्यामुळे सर्वांचा खोळंबा होईल म्हणून ती कोणाला बोलली नाही. ताट तसेच ठेवून ती उठली, हे आमच्या वाटाड्याने पाहिले. त्याने तिला दोन प्रश्न विचारले आणि तेथल्या तेथे तिची पिशवी उचलली. तो आणि मी तिला घेऊन खाली आलो. दुसऱ्या दिवशी ती डाळभात मागून मागून जेवत होती. शिखराजवळ जाऊन परतावे लागले म्हणून ती रडली, तेव्हा तो वाटाड्या म्हणाला, "बहिनी, हिमाल येथेच राहील." आपल्या मुलींना दुखणे लपवून इतरांचे साजरे करावयास आपणच शिकवतो. जाण्यापूर्वी एवढे एक तरी उलटे शिकवून पाठवावे.

हवेचाही भरवसा नसतो. १२ ऑक्टोबर २०१४ रोजी विशाखापट्टणला हुदहुद वादळ आले आणि दोनच दिवसांनी त्याच्या शेपटाने अन्नपूर्णेच्या थोरोंग खिंडीच्या परिसरात बर्फाचे थैमान घातले. त्यात ४० हून अधिक माणसे गेली. जानेवारी २०२० मध्ये बेस कॅम्पच्या वाटेवर देउरालीजवळ हिमकडा कोसळला. दक्षिण कोरियाहून नेपाळमध्ये सेवा म्हणून शिकवावयास आलेले चार शिक्षक आणि त्यांच्याबरोबरचे नेपाळी सोबती त्यात गडप झाले. भीती घालावी म्हणून हे सांगत नाही. घाटात एसटीचेही अपघात होतात, तरी आपण माहेरी जाणे सोडीत नाही. चालक शुद्धीवर आहे ना, एवढे पाहतो. येथेही तेच करावयाचे आहे.

म्हणून संयोजकांना मंडळाने लेखी विचारावे असे प्रश्न मी काढले आहेत. काम कोणी मागितले: गावाने की संयोजकांनी? गोळा केलेल्या रकमेपैकी गावात किती राहते? विसाव्याचे दिवस आखले आहेत काय, आणि एखादे मूल आजारी पडले तर त्याच्याबरोबर परतणारे माणूस आधीच ठरले आहे काय? वाटाड्या परवानाधारक आहे काय? भारवाहकांच्या पाठीवर तीस किलोंहून अधिक ओझे देत नाहीत ना, त्यांना उबदार कपडे आणि विमा आहे ना? हा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या मुलाची पिशवी वाहणारासुद्धा कोणा आईचा मुलगा आहे. जो संयोजक त्याची काळजी घेतो तो आपल्या मुलाचीही घेईल.

एक व्यवहाराची गोष्ट. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. परंतु केवळ आधार कार्डावर भिस्त ठेवू नये. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र जवळ असावे.

आता निधीविषयी. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक आली तर तिन्ही मुलांना साहाय्य द्यावे, आणि दोन मुलींच्या बाबतीत हात थोडा सैल सोडावा, अशी माझी सूचना आहे. मुलाच्या प्रवासाला घरून पैसे निघतात. मुलीच्या वेळी "लग्नानंतर जा नवऱ्याबरोबर" असे उत्तर निघते, हे आपण सगळ्या जाणतो. मात्र परत आल्यावर त्यांनी वर्षभर दर महिन्याचा एक रविवार मंडळाला द्यावा. वसाहतीच्या मागची टेकडी दर उन्हाळ्यात वणव्याने काळी होते. तेथे जाळपट्टे काढावयाचे आहेत, रोपे जगवावयाची आहेत. घांद्रुकच्या आमांकडून काय शिकून आलात, ते त्या टेकडीवर दिसू दे. तेथे पंधरा दिवसांचे पाहुणे होता येत नाही. रोज तीच टेकडी आणि रोज तेच शेजारी.

कार्यकारिणीने याचा विचार करून निर्णय घ्यावा.