तिन्ही पंप एकदम सुरू झाले तर?



माझी निम्मी नोकरी टेंडरं भरण्यात गेली. आज त्याविषयीच बोलणार आहे. टेंडर म्हणजे दर, बयाणा रक्कम आणि शिक्के, असं समजून चांगले अभियंते या कामापासून लांब राहतात, आणि मला त्याचं वाईट वाटतं.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी आम्ही एका पाणीपुरवठा योजनेचं टेंडर भरलं. पंपाचा भाग पंपवाल्यांनी लिहिला, पॅनेलचा विद्युत विभागाने, टाकीचा स्थापत्यवाल्यांनी. आदल्या रात्री बसून मी ते सगळं एकत्र बांधलं. तांत्रिक छाननीत समोरच्या वयस्कर अभियंत्यांनी एकच विचारलं, "लाईट गेली आणि परत आली, तर तिन्ही पंप एकदम सुरू होणार का?" आम्ही पाच जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. थेट सुरू केलेली मोटर पहिले काही क्षण नेहमीच्या पाच-सहापट करंट खेचते. तिन्ही एकदम सुरू झाल्या असत्या, तर आम्हीच सुचवलेल्या ट्रान्सफॉर्मरला ते झेपलं नसतं. पंप बरोबर, पॅनेल बरोबर, ट्रान्सफॉर्मरही हिशेबाने बरोबर. योजना तेवढी चुकलेली. ते काम आमच्या हातून गेलं, आणि जायलाच हवं होतं.

सिस्टिम्स इंजिनिअरिंग मी त्या दिवशी शिकलो. दोन विभागांच्या मधली जागा कुणाचीच नसते. तिथे कुणीतरी उभं राहावं लागतं, आणि तेही टेंडर भरतानाच. काम मिळाल्यावर उशीर झालेला असतो, कारण तोवर आपण सही करून शब्द दिलेला असतो.

या बाबतीत मला ग्रुमन ही अमेरिकन विमान कंपनी फार मोठी वाटते. 1961 मध्ये नासाच्या अपोलो चांद्रमोहिमेतल्या मुख्य यानाची स्पर्धा ती हरली होती. तरीही तिच्या माणसांनी अभ्यास सोडला नाही. मूळ यान चंद्राभोवती फिरत ठेवून छोटं यान खाली पाठवायचं, ही कल्पना ते कंपनीच्याच पैशाने तपासत राहिले. 1962 मध्ये नासाने हीच वाट निवडली आणि त्या छोट्या यानासाठी 11 कंपन्यांना विचारणा केली. पक्का आराखडा मागितलाच नाही. वीसेक तांत्रिक प्रश्न पाठवले. कोण कसा विचार करतो, हे त्यांना पाहायचं होतं. 9 कंपन्यांनी उत्तरं दिली, आणि नोव्हेंबरमध्ये ग्रुमनची निवड झाली.

पुढचा भाग मला अधिक आवडतो. सुरुवातीच्या आराखड्यात अंतराळवीरांना बसायला आसनं होती. बसलेल्या माणसाला खाली जमीन दिसायची तर काच मोठी हवी, आणि मोठी काच म्हणजे वजन. मग आसनंच काढली. उभा माणूस काचेच्या अगदी जवळ येतो, त्यामुळे लहान त्रिकोणी खिडकी पुरली. चंद्रावर वजन सहाव्या हिश्शाचं, तेव्हा उतरतानाचा धक्का पाय सहज सोसतात. काच, खुर्ची आणि माणसाचे गुडघे एकाच कागदावर मांडल्याशिवाय हे सुचणं शक्य नाही. आणि नासाचे ते प्रश्न अशाच विचारासाठी होते.

आमच्या पुढच्या टेंडरच्या वेळी मी आधी गावात गेलो. तिथल्या पंपचालकाकडे एक वही होती. लाईट कधी गेली, कधी आली, याची रोजची नोंद, निळ्या शाईत, तीन वर्षांची. दुपारभर ती मी उतरवून घेतली. मग टेंडरमध्ये प्रत्येक कलमासमोर जबाबदार माणसाचं नाव लिहिलं, आणि पंप एकामागून एक सुरू व्हावेत म्हणून पॅनेलमध्ये टायमर घातले. टायमरची किंमत किरकोळ. पण त्यांच्यामुळे मोठा ट्रान्सफॉर्मर लागला नाही आणि आमचा दर खाली आला. लिफाफे उघडले तेव्हा आम्ही सर्वांत कमी होतो. योजना सुरू झाली त्या दिवशी पंपचालकाने मुद्दाम मेन स्विच बंद करून पुन्हा चालू केला, आणि आम्ही सगळे कान देऊन उभे राहिलो: एक पंप, जरा वेळाने दुसरा, मग तिसरा.