अंगणातील आजारी कोंबडी आणि श्रावकाची जीवदया
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



जैन समाजाच्या प्रत्येक ट्रस्टमध्ये जीवदयेचे खाते असते. गोशाळेचा चारा, पाखरांचे दाणे, पर्युषणातील अभयदान या नावांनी त्यात रकमा जमा होतात. मुंबईची पांजरापोळ १८३४ साली स्थापन झाली, तेव्हापासून पश्चिम भारतात ही परंपरा संस्थारूपाने अखंड चालू आहे. मात्र या खात्यात कोंबडीच्या नावाची नोंद सहसा आढळत नाही. गाय पूज्य, कबुतर निरुपद्रवी. कोंबडी मात्र दुसऱ्याच्या अंगणातील, दुसऱ्याच्या ताटातील, म्हणून जैन घराशी तिचा संबंध नाही, अशी एक समजूत रूढ झालेली आहे. धर्मदृष्टीने ती तपासून पाहणे, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

बुलढाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, मजुराच्या, शेतकऱ्याच्या अंगणात पाच-दहा गावरान कोंबड्या असतातच. दुकानात कामाला येणारा गडी, शेतावरचा सालदार, शेजारचे कुटुंब यांच्या घरी त्या नित्य दिसतात. कोंबडी पहिली दोन वर्षे चांगली अंडी देते, पुढे ती कमी होत जातात. परंतु तिचे नैसर्गिक आयुष्य सहा-आठ वर्षांचे, क्वचित त्याहून अधिक असते. म्हणजे आयुष्याचा मोठा भाग तिला निरुपयोगी म्हणून काढावयाचा असतो आणि तो तिला बहुधा लाभत नाही. ती आजारी पडली की आठवडी बाजार किंवा सुरी, हे दोनच मार्ग तिच्यापुढे असतात. ज्या जीवापासून अंडे नाही, दूध नाही, पुण्याची वाहवाही नाही, त्या जीवाची सेवा हीच दयेची खरी कसोटी होय.

येथे एक शंका रास्त आहे. श्रावकाला वर्ज्य असलेल्या पंधरा कर्मादानांत असतीपोषण येते. आचार्य हेमचंद्रांनी ‘योगशास्त्रा’त त्याचे विवरण करताना पोपट, मैना, मांजर, कुत्रा, मोर यांच्यासोबत कोंबड्याचाही उल्लेख केलेला आहे. मग आजारी कोंबडी सांभाळणे हे असतीपोषण नव्हे काय? उत्तर त्याच विवरणात आहे. तेथे निषेध आहे तो धनासाठी केलेल्या पोषणाचा. जिथे अंड्याची अपेक्षा नाही, विक्री नाही, तेथे हा दोष लागू होत नाही. कुक्कुटपालनाचा व्यवसाय श्रावकाला निषिद्ध आहे. पीडित कुक्कुटाची शुश्रूषा निषिद्ध नाही.

‘तत्त्वार्थसूत्र’ हा दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेला ग्रंथ. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. येथे वध म्हणजे मारहाण. हे पाचही अतिचार आज कोंबडीच्या वाट्याला येतात. पाय बांधून सायकलच्या हँडलला उलटी टांगणे हा बंध. काठीचा फटका हा वध. मोठ्या पोल्ट्रीत चोचीचे टोक छाटतात, तो छेद. तिचे मूळ पूर्वज असलेले रानकोंबडे वर्षाला दहा-पंधरा अंडी घालतात. व्यापारी जातीच्या कोंबडीकडून तीनशेच्या आसपास अंडी घेतली जातात आणि कवचासाठी लागणारे कॅल्शियम तिच्या हाडांतूनही ओढले जाते. याला अतिभार म्हणावयाचे नाही तर काय? आणि म्हातारी झाली, आता दाणे कशाला टाकावयाचे, हा विचार म्हणजे अन्नपाननिरोध.

विशेष असे की, भारताच्या कायद्यानेही पुढे हीच वाट धरली. श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या प्रयत्नांतून १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. मारहाण करणे, वेदना होतील अशा रीतीने वाहून नेणे, हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे, पुरेसे अन्न, पाणी व निवारा न देणे, हे त्याच्या अकराव्या कलमानुसार अपराध आहेत. पाळलेली कोंबडीही त्यातून वगळलेली नाही.

यशोधर राजाची कथा साधर्मिकांना परिचित आहे. सोमदेवसूरींनी ती दहाव्या शतकात ‘यशस्तिलका’त सांगितली. राजाने जिवंत कोंबडा मारला नव्हता. मातेच्या आग्रहाने पिठाचा कोंबडा करून देवीला वाहिला होता. एवढ्या संकल्पी हिंसेने मातापुत्र अनेक तिर्यंच योनींत भटकले आणि अखेर कोंबड्यांच्या जोडीच्या रूपाने जन्मले. त्याच जन्मात मुनींचे वचन कानी पडून त्यांना पूर्वभवांचे स्मरण झाले. कोंबडी हा संज्ञी पंचेंद्रिय जीव आहे, हे यापेक्षा स्पष्ट कोणी सांगावे?

आता प्रत्यक्ष सेवेविषयी. कोंबडी आपले दुखणे लपविते. ते दिसू लागते तेव्हा बराच विलंब झालेला असतो. पिसे फुगवून कोपऱ्यात उभी राहणे, तुरा फिकट किंवा निळसर पडणे, दाण्याकडे पाठ फिरविणे, पातळ हिरवट विष्ठा, ही लक्षणे होत. अशा कोंबडीला प्रथम इतरांपासून वेगळे ठेवावे, कारण अशक्त कोंबडीला बाकीच्या टोचून हैराण करतात. डालग्याखाली कोरडे गवत किंवा गोणपाट अंथरावे. म्हाताऱ्या कोंबडीला उंच दांडीवर चढविण्याचा अट्टहास नसावा. ज्वारीच्या भिजविलेल्या कण्या, मऊ भात, बारीक चिरलेली भाजी असे मऊ अन्न द्यावे. पाणी चोचीत ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. चोचीच्या कडेला थेंब लावावा, ती स्वतः पिते. सूर्यास्तानंतर कोंबडी खात नाही. रात्रिभोजनत्यागाचा हा नियम ती जन्मतःच पाळते, म्हणून तिचे दाणापाणी दिवस असतानाच उरकावे.

घाटाखालील मलकापूर, नांदुरा, शेगाव भागात वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळातच सुमारे ४१ अंश असते आणि तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकू लागली की तिला सावलीत न्यावे, मातीच्या परळात थंड पाणी ठेवावे आणि खुराड्यावर ओले पोते टाकावे. अंडे अडकले असेल तर पोट दाबू नये. कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बसवावे आणि तरीही सुटका न झाल्यास पशुवैद्यकाकडे न्यावे. माणसांची औषधे अंदाजाने देऊ नयेत. जवळचा शासकीय पशुवैद्यकीय दवाखाना यासाठीच आहे. गुंतागुंतीच्या दुखण्यासाठी अकोल्यास पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्था आहे.

एक अडचण श्रावकाला विशेष जाणवते. पायांच्या खवल्यांखालील किडे, पोटातील जंत यांवर औषध केले की त्या जीवांची हिंसा होते. ती नाकारता येत नाही. म्हणूनच यतना महत्त्वाची. खुराडे कोरडे व स्वच्छ असेल, धूलिस्नानासाठी राख-माती मिळत असेल, तर किड्यांचा उपद्रव मुळातच कमी होतो. तरीही पशुवैद्यकाने उपचार आवश्यक ठरविला, तर गृहस्थाने तो आवश्यक तेवढाच, खेदपूर्वक करावा.

दयेला सावधगिरीची जोड हवी. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू आला. पाठोपाठ शेजारच्या जळगाव जिल्ह्यातही तो आढळला. २०२१ साली परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे तो पुन्हा दिसला. अशा वेळी ठरावीक परिघातील निरोगी पक्षीही मारले जातात. म्हणून आजारी पक्षी हाताळताना तोंडाला फडके बांधावे, नंतर साबणाने हात धुवावेत आणि एकाएकी अनेक पक्षी मेल्यास दवाखान्यास त्वरित कळवावे. मानमोडीची लस वेळेवर टोचून घेणे हीदेखील जीवदयाच आहे. आजार लपविण्यात दया नाही. त्यात शेकडो जीवांचा घात आहे.

पर्युषणात पैसे देऊन पक्षी सोडविण्याची प्रथा भावनेने शुद्ध आहे, पण व्यापाराची रीत जाणणाऱ्या समाजाने तिचा हिशेबही मांडावा. विक्रेत्याच्या हाती पडलेल्या पैशातून दुसऱ्या दिवशी नवे पक्षी येतात आणि सोडविलेली कोंबडी निवाऱ्याअभावी मांजर-मुंगसाच्या तोंडी जाते. त्यापेक्षा मालकाला उपचाराचा खर्च द्यावा, म्हातारी कोंबडी न विकण्याबद्दल त्याचे मन वळवावे आणि ते शक्य नसेल तरच तिला आणून शेवटपर्यंत सांभाळावे. दिल्लीच्या चांदणी चौकातील लाल मंदिराचे पक्षी रुग्णालय १९२९ साली सुरू झाले आणि १९५७ पासून मंदिराच्या आवारात चालू आहे. बरा झालेला पक्षी तेथे मालकाला परत न देता मोकळा सोडतात. मांसाहारी पक्ष्यालाही तेथे उपचार नाकारला जात नाही. कोणाचा पक्षी, कोणत्या घरचा, हा प्रश्न दयेला पडत नाही.

सर्व उपचार होऊनही म्हातारी कोंबडी एक दिवस जाणारच. तिची यातना संपवावी म्हणून तिला मारणे जैन धर्माला मान्य नाही. त्याचप्रमाणे ती तोंड फिरवीत असता अन्न कोंबणे हीदेखील पीडाच. पाणी जवळ ठेवावे, ऊब द्यावी, गोंगाट टाळावा आणि शांतपणे नवकार मंत्र ऐकवावा. पार्श्वकुमारांनी जळत्या सर्पाला तोच आधार दिला होता.

सुवर्णमहोत्सवी वर्षात यासाठी मोठी इमारत लागत नाही. गोशाळेच्या कडेला जाळी लावलेली एक कोरडी खोली, पाच-सहा डालगी, पशुवैद्यकांची आठवड्यातून एक फेरी आणि दोन तरुणांची आळीपाळीने सेवा एवढे पुरेसे आहे. जीवदयेच्या खात्यात आजारी पक्ष्यांच्या उपचाराची एक ओळ वाढावी आणि गावातील कोणीही, कोणत्याही समाजाचा माणूस, काखेत आजारी कोंबडी घेऊन संकोच न करता ट्रस्टच्या दारी यावा, हीच या प्रसंगी प्रार्थना.

जय जिनेंद्र.