संचातील एक प्रोग्राम काढताना
(सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात कार्यालय समितीतर्फे केलेले भाषण)



आमच्या आधी बोललेल्या वक्त्यांनी संस्थेची स्थापना आणि देणगीदारांचे औदार्य यांविषयी सांगितले. त्या मानाने आमच्या वाट्याला आलेला विषय रुक्ष आहे. कार्यालयातील संगणकावर ‘ऑफिस’ नावाचा जो प्रोग्रामांचा संच असतो, त्यातील नको असलेला एकच प्रोग्राम काढायचा तर काय करावे आणि त्याआधी काय पाहावे, एवढेच आम्ही सांगणार आहोत. हे न पाहिल्यामुळे आमच्या हातून एक चूक झाली, म्हणून हा विषय आम्ही मागून घेतला.

2019 साली, म्हणजे कोरोनाच्या आदल्या वर्षी, कार्यालयातील संगणक फार मंद चालू लागला होता. त्याची डिस्क भरली होती. एका सभासदाचा नातू सुट्टीत आदिलाबादला आला होता. त्याने साफसफाईचे काम आनंदाने पत्करले. पत्रांसाठी वर्ड लागतो, हिशेबासाठी एक्सेल लागते, निमंत्रणपत्रिकांसाठी पब्लिशर लागतो. अ‍ॅक्सेस मात्र कोणाच्या तोंडी नव्हते. तो म्हणाला, “काका, हे कुणीच उघडत नाही. काढू का?” आम्ही म्हणालो, “काढ बाळ.” त्याने ते व्यवस्थित काढले. त्याची त्यात काही चूक नव्हती.

विद्यार्थी-साहाय्याची वही आपण सर्वजण जाणता. बेला, जैनथ, तामसी या भागांतील मुलामुलींना फी आणि वसतिगृहासाठी जी मदत दिली जाते, तिचा हप्त्यावार तपशील त्यात असतो. पूर्वी ती लाल बांधणीची खरोखरीची वही होती. मागच्या एका चिटणिसांनी ती संगणकावर घेतली. पडद्यावर एक चित्र होते आणि त्याखाली ‘विद्यार्थी वही’ असे लिहिलेले होते. ते दाबले की वही उघडे. ती अ‍ॅक्सेसमध्ये बांधलेली आहे हे चिटणीस जाणत होते; पण ते पुण्याला मुलाकडे राहावयास गेले आणि ते ज्ञानही त्यांच्याबरोबर गेले.

वास्तविक या प्रोग्रामने आपले केवढे काम केले होते! 11 ऑक्टोबर 2016 रोजी आपल्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल आणि कुमुरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले, तेव्हा वहीतील सर्व पत्ते बदलावे लागले. अ‍ॅक्सेसने तो रकाना एका संध्याकाळी दुरुस्त करून दिला. (आपल्या भागाला वाटणी नवी नाही. 1956 साली किनवट आणि राजुरा हे तालुके या जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले, आणि नांदेडकडील मुधोळ इकडे आले. सोयरिकी मात्र होत्या तिथेच राहिल्या.)

जूनमध्ये अर्ज आले. आम्ही ते चित्र दाबले, तर संगणक आम्हांलाच विचारू लागला की ही फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडू? फाइल जागेवर होती, एक अक्षरही पुसले गेले नव्हते. परंतु ती वाचणारा घरात उरला नव्हता. प्रोग्राम परत बसवू म्हटले, तर संगणकाने मूळ डीव्हीडी मागितली. ती पाचव्या दिवशी जुन्या पावतीपुस्तकांच्या गठ्ठ्यात सापडली. तोवर पासबुकावरून आणि आठवणीवरून जेवढे हप्ते देता आले तेवढे दिले. एका मुलीच्या वसतिगृहाचा हप्ता आठ दिवस उशिरा गेला. तिच्या वडिलांनी तेवढी रक्कम हातउसनी आणून भरली होती, हे आम्हांस दिवाळीत कळले. त्यांनी कधी तक्रार केली नाही, याचेच आम्हांस अधिक वाईट वाटते.

आता रीत सांगतो. आमचा संच 2010 च्या आवृत्तीचा होता. अशा जुन्या, डीव्हीडीवरून बसवलेल्या संचाची रचना मसाल्याच्या डब्यासारखी असते. एक वाटी उचलली तरी बाकीच्या जागेवर राहतात. कंट्रोल पॅनेलमध्ये प्रोग्रामांच्या यादीत ऑफिसवर जाऊन ‘चेंज’ हे बटण दाबावे. शेजारचे ‘अनइन्स्टॉल’ दाबू नये. त्याने सगळा डबाच जातो. ‘चेंज’नंतर ‘अ‍ॅड ऑर रिमूव्ह फीचर्स’ निवडले की सर्व प्रोग्रामांची नावे दिसतात. नको असेल त्याच्या नावासमोर ‘नॉट अव्हेलेबल’ करावे. परत हवा झाल्यास त्याच जागी ‘रन फ्रॉम माय कॉम्प्युटर’ करावे. त्याच यादीतील ‘शेअर्ड फीचर्स’ या सदराला हात लावू नये, कारण ते सर्वांच्या उपयोगाचे सामाईक सामान असते.

आमच्याकडे डीव्हीडी का मागितली गेली, तेही सांगणे प्राप्त आहे. ही जुनी आवृत्ती बसताना आपल्या मूळ सामानाची एक प्रत ‘एमएसओकॅश’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात ठेवते, आणि पुढे काही परत बसवायचे झाल्यास तिथूनच घेते. जागा वाचवण्याच्या भरात आम्ही तो फोल्डरही पुसला होता! शिवाय जागा वाचली ती थोडीच. एक प्रोग्राम गेला तरी सामाईक सामान राहतेच. डिस्क खरी भरली होती ती मेळाव्यांच्या फोटोंनी आणि व्हिडिओंनी, आणि ते तसेच राहिले होते.

नंतरच्या ज्या आवृत्त्या इंटरनेटवरून उतरतात, त्यांत हा मार्ग बंद आहे. ते तयार कालवण आहे. त्यातून हळद वेगळी काढता येत नाही. कंट्रोल पॅनेलमधून काढायचा तर पुरा संचच निघतो. मात्र ‘ऑफिस डिप्लॉयमेंट टूल’ नावाचे एक साधन कंपनी स्वतः फुकट देते. त्याच्यासोबत एक लेखी हुकूमनामा असतो. त्यात वगळायच्या प्रोग्रामचे नाव ‘एक्सक्लूड अ‍ॅप’ म्हणून लिहायचे आणि सर्व फाइली बंद करून तो चालवायचा. यात एक गंमत आहे. व्यवसायासाठीची जुनी वनड्राइव्ह वगळायची तर ‘ग्रूव्ह’ लिहावे लागते, आणि स्काइप फॉर बिझनेससाठी ‘लिंक’. माहेरच्या नावाने हाक मारल्याखेरीज ही मंडळी ओ देत नाहीत. हा हुकूमनामा जपून ठेवावा. पुढच्या वेळी वगळण्याची ओळ लिहायची राहिली, तर काढलेला प्रोग्राम परत येऊन बसतो. हे सर्व अवघड वाटणाऱ्यांनी चित्र पडद्यावरून आणि स्टार्ट मेनूतून काढून स्वस्थ बसावे. आमच्यासारख्या कार्यालयाला बहुधा तेवढे पुरते.

कार्यालयातील दुसऱ्या संगणकावर लिब्रेऑफिस आहे. तो संच 2010 साली ओपनऑफिसमधून वेगळा निघाला. त्याला मोल पडत नाही, आणि मराठी व तेलुगू या दोन्ही भाषांत तो उपलब्ध आहे. विंडोजवर तो बसवतानाच ‘कस्टम’ निवडून नको ते भाग वगळता येतात.

संचातून एक प्रोग्राम सुटा करण्याचा तंटा मोठ्या दरबारातही गेला आहे. टीम्स हा प्रोग्राम ऑफिसला जोडून दिला जातो, अशी तक्रार स्लॅक या कंपनीने 2020 साली युरोपीय आयोगाकडे केली. 2023 साली आयोगाने रीतसर चौकशी सुरू केली. त्याच वर्षी युरोपात आणि 2024 साली जगभर टीम्सशिवायचा संच वेगळा विकला जाऊ लागला. तेव्हा आदिलाबादच्या एका खोलीत आम्ही ज्या प्रश्नाशी झगडलो, त्याने मोठमोठ्यांनाही दमवले आहे.

कधी कधी कंपनीच आपल्या संचातून एक वाटी उचलते. पब्लिशरचा आधार ऑक्टोबर 2026 नंतर राहणार नाही, असे मायक्रोसॉफ्टने 2024 साली जाहीर केले. आपल्या निमंत्रणपत्रिका, गुणगौरवाची प्रमाणपत्रे आणि मागील स्मरणिकांची पाने पब्लिशरमध्ये आहेत. या वेळी मात्र आम्ही जूनची वाट पाहिली नाही. प्रत्येक पान पीडीएफ करून ठेवण्याचे काम चालू आहे. ज्या मजकुरात पुढे फेरफार करावा लागेल, त्या फाइली लिब्रेऑफिसच्या ‘ड्रॉ’मध्ये उघडतात, अक्षरांची मांडणी थोडी हलते, ती हाताने सरळ करावी लागते. प्रमाणपत्रे झाली आहेत, स्मरणिका व्हायच्या आहेत. ज्यांना रविवारी दोन तास देता येतील त्यांनी समितीकडे नाव द्यावे. तरुण मंडळी आली तर आम्ही चहाची सोय करू.

विद्यार्थी वहीची आता एक्सेलमध्ये नक्कल केली आहे, आणि दर तिमाहीला ती कागदावर छापून कपाटात ठेवतो. डीव्हीडीही त्याच कपाटात, वरच्या कप्प्यात आहे. एक किल्ली खजिनदारांकडे आहे, दुसरी कार्यालयात.