माणसे जातात कोठे? : महाराष्ट्रातील लोकसंख्येची वाढ आणि घट
(सोलापूर येथे भवानी पेठेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



लोकसंख्येचा विषय निघाला की आपल्या मनात प्रथम येते ती वाढ. माझ्या पिढीने दवाखान्यांच्या भिंतींवर लाल त्रिकोण पाहिला आणि जास्त मुले म्हणजे जास्त अडचण हा पाठ घोकला. तो पाठ महाराष्ट्राने चांगलाच गिरवला आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार आपल्या राज्यात एका स्त्रीमागे सरासरी १.७ अपत्ये आहेत. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी २.१ लागतात. तेव्हा किती माणसे जन्मतात हा प्रश्न आता मागे पडत चालला आहे. ती राहतात कोठे आणि जातात कोठे, हा प्रश्न मात्र अधिकच बिकट होत आहे. आज मी त्याविषयी बोलणार आहे.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ भरली. दहा वर्षांतील वाढ सुमारे १६ टक्के. ही झाली सरासरी, आणि सरासरीवर विसंबून गावाचा कारभार करता येत नाही. पालघर वेगळा होण्यापूर्वीचा ठाणे जिल्हा त्या दहा वर्षांत ३६ टक्क्यांनी वाढला, पुणे जिल्हा ३० टक्क्यांनी. वर्धा जिल्ह्याची वाढ जेमतेम ५ टक्के, साताऱ्याची ७ टक्क्यांच्या आत. आणि तीन जिल्हे चक्क घटले. रत्नागिरी १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आला, सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आणि मुंबई शहर जिल्हा ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ वर.

पूर्वीही घट झाली होती, पण तिची जात निराळी होती. १९११ ते १९२१ या दशकात आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात माणसे जवळजवळ ३ टक्क्यांनी कमी झाली. इन्फ्लुएन्झाच्या साथीने घरेच्या घरे बसवली. ती मृत्यूने केलेली घट होती. आताच्या घटीत माणसे जिवंत आहेत, फक्त दुसऱ्या जिल्ह्याच्या रकान्यात आहेत.

रत्नागिरी आणि मुंबई शहर यांची घट एकाच तराजूत तोलता येत नाही. रत्नागिरीत २०११ मध्ये हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. राज्यात हा आकडा ९२९ होता. एवढ्यावरून तेथे स्त्रीचा मान मोठा, असा निष्कर्ष काढणारे वक्ते मी ऐकले आहेत. कर्ता पुरुष मुंबईला गेला आहे, एवढाच त्याचा मुख्य अर्थ. जनगणना होते फेब्रुवारीत. चाकरमानी गावी येतो तो शिमग्याला आणि गणपतीला. गावाचे घर त्याचे, देवाची पालखी त्याच्या खांद्यावर, पण मोजणीत तो मुंबईचा किंवा ठाण्याचा.

मुंबई शहरातील घटीचे कारण वेगळे. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील भोंगे एकेक करून थांबले. पुढे जागांचे भाव असे चढले की चाळीतल्या कुटुंबाला डोंबिवली, विरार, नवी मुंबई गाठणे भाग पडले. म्हणजे पाहा, आजोबा राजापूरहून परळला आले आणि नातू परळहून विरारला गेला. एकाच घराण्याने दोन जिल्हे घटवले आणि तिसरा वाढवला!

आता आपल्या दारात येऊ. सोलापूर घटलेले नाही, पण ते अडखळले आहे. २००१ ते २०११ या काळात जिल्हा १२ टक्क्यांनी वाढला आणि शहर सुमारे ९ टक्क्यांनी, पावणेनऊ लाखांवरून साडेनऊ लाखांवर. शहर आपल्या जिल्ह्याहूनही सावकाश वाढावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. १९७१ मध्ये सोलापूरची लोकसंख्या ३,९८,३६१ होती आणि मुंबई, पुणे, नागपूर यांच्या खालोखाल आपले नाव होते. त्या वेळी नाशिक, नाशिक रोड-देवळालीसह धरले तरी, पावणेतीन लाखांच्या आसपास होते. २०११ मध्ये नाशिक महानगर १४,८६,०५३ वर पोहोचले. १९९२ मध्ये आपली हद्द वाढली नसती, तर आपला आकडा याहून लहान दिसला असता.

हे शहर येणाऱ्या माणसांनी वसवले आहे. १८६० च्या सुमारास रेल्वे आली, १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी उभी राहिली. सूत हाताशी आले तसे तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि भवानी पेठेसह हा सारा पूर्व भाग मागांच्या आवाजाने भरून गेला. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू अशा चार भाषा एकाच बोळात ऐकू येतात, ती या स्थलांतराचीच देणगी. धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूरच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवरील ग्रंथ गोखले संस्थेने १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. सोलापूरचा अभ्यास करू पाहणाऱ्या तरुणांनी तो अवश्य वाचावा.

पुढे जुनी गिरणी साठच्या दशकात बंद पडली आणि नंतरच्या काळात बाकीच्या गिरण्याही एकामागून एक थांबल्या. यंत्रमागाने चादर आणि टॉवेल यांच्या बळावर शहराला सावरून धरले. पण गिरणीच्या नोकरीला भविष्यनिर्वाह निधी होता, वारसाला आशा होती. मागावर मजुरी नगावर मिळते. ज्या बापाने रात्रपाळीत माग चालवला त्याला मुलगा मागावर नको आहे, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. मुलगा पदविका घेतो आणि पुण्याची गाडी धरतो. पिंपरी-चिंचवड त्या दहा वर्षांत दहा लाखांवरून सतरा लाखांवर गेले. त्या सात लाखांत आपल्या पेठेतलीही मुले आहेत. शाळेचा खर्च सोलापूरने केला, पगारावरचा व्यवसायकर भरला जातो पुण्यात.

दुसरी हालचाल जवळची आहे म्हणून तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. विडी कामगार स्त्रिया पेठांतल्या दहा बाय दहाच्या खोल्यांतून कुंभारीच्या माळावर गेल्या. २००६ मध्ये गोदूताई परुळेकर यांच्या नावाच्या वसाहतीत दहा हजार घरे झाली. त्याच परिसरात रे नगरची पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या स्वाधीन झाली. स्वतःचे घर ही त्यांच्यासाठी केवढी गोष्ट, हे मी सांगायला नको. परंतु कुंभारी महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे, आणि २०११ ची मोजणी झाली तेव्हा रे नगर अस्तित्वातच नव्हते. पंधराव्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांच्या अनुदानाचा राज्यवार हिस्सा ठरवताना २०११ चीच लोकसंख्या धरली. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष सपाटीवर तीस हजार माणसांमागे एक, आदिवासी व डोंगरी भागात वीस हजारांमागे एक. माणसे गेली एका जागी आणि कागद राहिले दुसऱ्या जागी, तर बाळंतिणीला दवाखाना कोठे मिळावा?

उलट बाजूही आहे. जेथे डोकी कमी झाली तेथे गरज त्याच प्रमाणात कमी होत नाही. तरुण गेले, म्हातारे राहिले. सांधेदुखी, मधुमेह, मोतीबिंदू असलेल्या शंभर वृद्धांना शंभर तरुणांपेक्षा दवाखाना अधिक लागतो. केवळ डोकी मोजून निधी वाटणे मला अपुरे वाटते. वयही मोजले पाहिजे. राजापूरच्या वाडीला आणि आपल्या पेठेला, दोघांनाही हे लागू आहे.

२०२१ ची जनगणना झाली नाही. आता १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून ती होणार असल्याची अधिसूचना निघाली आहे. त्या वेळी प्रत्येक घरात एक वाद होईल, म्हणून आधीच सांगून ठेवतो. पुण्यात राहून नोकरी करणारा मुलगा पुण्यातच मोजला जाईल. १९८१ च्या जनगणनेत मी नवखा शिक्षक असताना प्रगणक म्हणून याच भागात फिरलो. एका चादर विणणाऱ्या गृहस्थांचा मुलगा भिवंडीला मागावर होता. त्याचे नाव मी लिहीना, तेव्हा ते रागावले. “रेशनकार्डात नाव आहे, मग मास्तर, तुमच्या कागदात का नाही?” मी नियम समजावून सांगितला. त्यांना तो पटला नाही, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी मलाही पुरता पटला नव्हता. मुलगा दोन्हीकडे लिहिला तर देशात एक माणूस उगाच वाढतो, आणि कोठेच लिहिला नाही तर एक हरवतो. या दुसऱ्या प्रकाराची भीती मला जास्त वाटते. मागाच्या कारखान्यातच झोपणारे एकटे कामगार असे सहज निसटतात. कारखानदारांनी त्यांची नावे आठवणीने सांगावीत, एवढी विनंती करतो.

स्थलांतराचे कारण विचारण्याची पद्धत त्या १९८१ च्या जनगणनेपासूनच सुरू झाली. शेजारच्या घरात एक बाई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होत्या. जन्म तेलंगणातला. सोलापूरला का आलात, असे मी विचारले. “लग्न होऊन आले,” त्या म्हणाल्या. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून त्या विड्या वळत होत्या, आणि नवऱ्याचा माग बंद असला की घर त्यांच्याच हजारीवर चाले. कारणाच्या रकान्यात एकच कारण लिहिता येत होते. नोकरी, शिक्षण, कुटुंबासोबत, विवाह, इतर. मी ‘विवाह’ लिहिले आणि पुढच्या घराकडे निघालो.