रुग्णसेवा आणि हवेची गादी

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षकाने शिक्षणावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज आजाऱ्याच्या अंथरुणाविषयी बोलणार आहे. मी बी.ए., बी.एड.; वैद्यकी हा माझा विषय नव्हे. पण हा धडा मी घरात शिकलो, तोही उशिरा, म्हणून तुमच्यापुढे ठेवतो.

माझ्या अम्मीचे खुब्याचे हाड मोडले आणि ती अंथरुणाला खिळली. त्यात मधुमेह. औषधे वेळेवर चालली होती, विचारपूस करणाऱ्यांची रीघ होती. तिसऱ्या आठवड्यात माझ्या पत्नीला चादरीवर ओला डाग दिसला. पाहिले तो माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम! अम्मीला तिथे आठवडाभर आग होत होती. पण जागाच अशी, की मुलाला सांगायची लाज आणि सुनेला त्रास द्यायचा संकोच. भगिनींनो, ही लाज तुमच्याही घरात असेल. म्हणून आजाऱ्याने सांगण्याची वाट पाहू नका. रोज अंग पुसताना पाठ, माकडहाड, खुबे, टाचा, घोटे आणि डोक्याची मागची बाजू स्वतः पाहा.

या जखमेला शय्याव्रण, म्हणजेच बेडसोअर म्हणतात. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते आणि बारीक रक्तवाहिन्यांतला प्रवाह थांबतो. १९३० साली लँडिस या शास्त्रज्ञाने या केशवाहिन्यांतला दाब मोजला. धमनीकडच्या टोकाला तो पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर इतकाच भरला. हा आकडा प्रत्येकाला तंतोतंत लागू पडत नाही; पण डॉक्टर दंडावर पट्टा बांधून मोजतात तो रक्तदाब १२०च्या आसपास असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या वाहिन्या किती नाजूक आहेत ते कळेल. तुम्हीआम्ही झोपेतही नकळत कूस बदलतो. आजाऱ्याला ते जमत नाही.

सुरुवातीला कातडी लाल होते. बोटाने दाबून सोडल्यावर लाली जात नसेल तर धोका सुरू झाला असे समजा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे हात लावून पाहावे. भाग गरम किंवा कडक लागतो. अशा जागी जोराने चोळू नये. आम्ही पावडर लावून चोळत होतो! मधे भोक असलेली रबरी रिंगही आणली होती. तिच्या कडेने दाब पडून आतल्या भागाचे रक्त आणखी अडते, हे परिचारिकेने सांगितले तेव्हा कळले.

मग हवेची गादी आणली. हिच्यात हवेचे कप्पे असतात आणि पलंगाच्या पायथ्याला लहानसा पंप अडकवतात. एक आड एक कप्पे फुगतात, बाकीचे सैल पडतात, आणि साधारण दहा मिनिटांत पाळी बदलते. त्यामुळे एकाच जागी सतत दाब राहत नाही. कल्पना चांगली आहे. पण ती आम्ही कशी वाया घालवली ते ऐका. अंग खाली लागेल म्हणून वर जाड गोधडी घातली, त्यामुळे कप्प्यांचा उपयोगच राहिला नाही. वर एकच पातळ चादर हवी. पंपावर वजनाप्रमाणे फिरवायचे बटण असते, ते आम्ही जास्तीत जास्तवर ठेवले आणि गादी दगडासारखी झाली. आणि रात्री अम्मी म्हणायची, "बंद कर रे वो, बिजली जलती." आम्ही बंद करायचो. पंप चोवीस तास चालला पाहिजे. हवा पुरेशी आहे का हे पाहायला आजाऱ्याच्या कमरेखाली, गादीच्या खालून, तळहात सरकवावा. हाड हाताला टेकत असेल तर हवा कमी आहे.

आणखी एक भ्रम. गादी आणली की कूस बदलायला नको, असे आम्हाला वाटले. गादी मदतनीस आहे, ती तुमची जागा घेत नाही. २०१९ साली ब्रिटनमधील दोन हजारांवर रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चांगल्या प्रतीची फोमची गादी आणि अशी हवेची गादी यांत फार मोठा फरक आढळला नाही. तेव्हा ऐपत नसेल तर कर्ज काढू नका. इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे १९४४ साली डॉ. गुटमन यांनी पाठीचा कणा मोडलेल्या सैनिकांसाठी केंद्र सुरू केले. तिथे दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम होता.

आणि आपल्याला हे इंग्लंडातून शिकायला हवे होते का? दर जुम्याला आपण सूरह कहफ पढतो. गुहेत ३०९ वर्षे झोपलेल्या त्या तरुणांना अल्लाह उजव्या आणि डाव्या कुशीवर वळवत होता, असे तिच्या अठराव्या आयतीत आले आहे. वळवले नसते तर जमिनीने त्यांची शरीरे खाल्ली असती, असा खुलासा इब्ने अब्बास यांच्या नावे तफसीरमध्ये मिळतो. मी लहानपणापासून ही सूरह पढत आलो. अम्मीची पाठ पाहीपर्यंत त्या आयतीचा अंथरुणाशी संबंध माझ्या ध्यानात आला नव्हता.

पुढे माझ्या मुलीने वहीत रकाने आखले: वेळ, डावी कूस, उजवी कूस, सही. रात्रीच्या पाळ्या मी आणि धाकट्या भावाने वाटून घेतल्या. टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून पोटऱ्यांखाली उशी, ओल होताच कपडा बदलणे, आहारात अंडे, डाळ, दूध. जखमेवरची पट्टी परिचारिका बदलत होती. जखमेला वास येऊ लागला, पू दिसला किंवा ताप चढला तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अम्मीची जखम भरायला पाच महिने लागले. त्यानंतर दीड वर्षाने तिचा इंतकाल झाला, पण पाठ स्वच्छ होती. गुसल देणाऱ्या बायकांनी मला मुद्दाम येऊन तसे सांगितले.

ती गादी आमच्याकडे आहे. पंप चालू आहे, नळ्या नव्या बसवल्या आहेत. कुणाच्या घरी गरज असेल तर शाळेत माझ्या नावे चिठ्ठी द्यावी. मी स्वतः येऊन लावून देईन.