लुटुपुटीच्या लढाईंतील पंच

लुटुपुटीची लढाई म्हटली कीं मुलांचा खेळ आठवतो. सैन्यांत मात्र अशी लढाई मुद्दाम योजतात. तिच्यांतला खरा विद्यार्थी बंदूकधारी शिपाई नव्हे. मागें तंबूंत नकाशापुढें बसलेले मुख्यालयांतील अधिकारी हेच तिचे खरे विद्यार्थी. लाखों माणसांना अन्न, पेट्रोल आणि हुकूम वेळेवर पोंचविण्याची विद्या नुसत्या पुस्तकांतून येत नाहीं.

१९४१ च्या सप्टेंबरांत अमेरिकेनें लुइझियाना प्रांतांत सुमारें चार लाख सैन्य दोन पक्षांत वांटून एकमेकांवर सोडलें. रणगाडे अपुरे, म्हणून कांहीं मोटारट्रकांवर 'टँक' अशी पाटी लावून वेळ भागविली! हंसूं येईल खरें. परंतु धडधाकट उभा असलेला पूल पंचानें 'उडाला' असें ठरविलें, म्हणजे फौजेला दुसरी वाट शोधावी लागे, आणि मुख्यालयांत उडणारी धांदल मुळींच लुटुपुटीची नसे. तिसऱ्या सैन्याच्या मुख्यालयाचा कारभार तेव्हां कर्नल आयसेनहॉवर पाहत होता. पुढें १९४४ सालीं नॉर्मंडीवरील स्वारीचीं सूत्रें त्याच्याच हातीं आलीं.

सारी मदार पंचाच्या शब्दावर. तो शब्द वरिष्ठानेंच मोडला तर? १९४२ च्या मे महिन्यांत जपानी आरमारानें 'यामातो' युद्धनौकेवर मिडवेच्या स्वारीची तालीम टेबलावर केली. पंचानें फांसे टाकून नऊ बॉम्ब लागल्याचें सांगितलें. आकागी व कागा या विमानवाहू नौका बुडाल्या. ॲडमिरल उगाकीनें नवांचे तीन केले आणि आकागी तरंगती ठेविली. कागा बुडालीच, पण पुढच्या मोहिमेच्या खेळांत तीहि पुन्हां हजर! त्या आरमारांतील अधिकाऱ्यांनींच हें पुढें लिहून ठेविलें आहे.

उगाकीचा हिशेब अगदींच चुकीचा होता असें मात्र नाहीं. तालमींतले ते बॉम्ब मिडवे बेटावरील विमानांचे होते, आणि ४ जून रोजीं बेटावरून आलेल्या विमानांचा एकहि बॉम्ब या नौकांना लागला नाहीं. घात केला तो अमेरिकन विमानवाहू नौकांवरून आलेल्या विमानांनीं. आकागी, कागा, सोर्यू, हिर्यू या चारी नौका गेल्या. पण तालमींत आकागी तरंगती ठेवल्याबरोबर, "नौका बुडाल्या तर पुढें काय?" हा प्रश्नच मिटला होता, त्याचें उत्तर शोधण्याचें काम टेबलाभोंवतीं बसलेल्या कोणाहि अधिकाऱ्यावर पडलें नाहीं.