चालत्या चित्राचा हिशेब

श्रोतेहो, गणपतीला रजा मिळाली नाही म्हणून एखादा चाकरमानी बोरिवलीतच राहतो आणि गावच्या घरातली आरती मोबाईलवर पाहतो. यात आता नवल राहिलेले नाही. पण आरती संपेस्तोवर गावाकडचा तो मोबाईल चांगला तापतो, बॅटरी उतरते. याची कारणे अनेक. त्यांतले एक आज पाहू.

सेकंदाला पंचवीस चित्रे जशीच्या तशी धाडायची म्हटली, तर गावातल्या नेटवर्कला ती झेपणार नाहीत. म्हणून फोन चित्राचे सोळा ठिपके लांब, सोळा रुंद असे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोन आधीच्या चित्रात कुठे होता, ते हुडकतो. सापडला, की ‘हा इतका सरकला’ एवढा निरोप आणि उरलेला बारीकसा फरक धाडायचा. मखर जागचे हलत नाही. हलते ते आरतीचे तबक.

खर्च आहे तो या हुडकण्यात. चारी बाजूंना सात-सात ठिपके शोधायचे, तर जागा होतात 225, आणि दर जागी 256 ठिपके ताडून पाहायचे. चित्र 1920 बाय 1080 ठिपक्यांचे असले, तर ही ताडणी सेकंदाला 1,100 कोटींच्या वर जाते!

1981 साली जपानच्या कोगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. मधली जागा आणि तिच्याभोवती चार ठिपके दूरच्या आठ जागा आधी पाहायच्या. त्यांत जी सर्वांत जुळती, तिच्याभोवती दोन ठिपक्यांवर, मग एका ठिपक्यावर. तीन फेऱ्यांत जागा 25, ताडणी सुमारे 130 कोटी. शिक्षकांनी 15 गुणिले 15 घरांच्या कागदावर एक घर मनात धरून मुलांना ते असेच शोधायला लावावे, गंमत येते.

तबक झर्रकन फिरले, तर कधी खरी जागा हुकते. तेवढ्याने आरती बंद पडत नाही बरं का. फरक जास्त धाडावा लागतो, आणि नेटवर्क तोकडे असेल तर चित्र अंधुक होते.

दुसरी एक युक्ती मला अधिक आवडते. फरकांची बेरीज करता करताच ती आधीच्या सर्वांत चांगल्या जागेच्या बेरजेपुढे गेली, की ती जागा तिथेच सोडायची. यात काम वाचते आणि गमवावे काहीच लागत नाही.

2013 सालच्या एच.265 पद्धतीत शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाज बांधण्याच्या 35 तऱ्हा होत्या. 2020 च्या एच.266 मध्ये 67 झाल्या. साऱ्या कसून तपासणे साध्या फोनला परवडत नाही. म्हणून आधी ढोबळ चाळणी, मग उरलेल्या चार-दोनांचीच कसून परीक्षा. बोरिवलीच्या फोनला मात्र यातले काही हुडकावे लागत नाही. आलेल्या निरोपाप्रमाणे तो चौकोन मांडत जातो.